नखापासून खुरापर्यंत : लॅटिन शास्त्रीय शब्द फोडून वाचायची रीत

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या क्लासमधल्या एका मुलाचं बोट सोसायटीच्या जुन्या लिफ्टच्या जाळीत सापडलं. नख काळंनिळं पडलं, ठणका लागला, रात्रीच दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई केसपेपर घेऊन नौपाड्यात माझ्या दारात उभी. “मॅडम, तुम्ही बायोलॉजी शिकवता ना? हे बघा काय लिहिलंय. शेवटी ‘ओमा’ आहे. ओमा म्हणजे गाठ ना? कॅन्सरच्या नावात असतं तसं?” रात्रभर त्या माउलीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. कागदावर दोनच शब्द होते : सबअंग्वल हिमॅटोमा.

मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि शब्दाचे तुकडे करून दाखवले. सब म्हणजे खाली. अंग्वल म्हणजे नखाचं. हिमॅट म्हणजे रक्त. आणि ओमा म्हणजे फुगवटा. तो गाठीचा असू शकतो, तसाच साकळलेल्या रक्ताचाही असू शकतो. नखाखाली साकळलेलं रक्त, एवढंच. तिचा चेहरा सैल पडला आणि मग ती म्हणाली, “मग मराठीत लिहायला काय झालं होतं?”

तिचं म्हणणं रास्तच आहे. पण केसपेपरवर, पाठ्यपुस्तकात, प्राणिसंग्रहालयाच्या पाटीवर हे शब्द भेटत राहणारच. ते पाठ करण्यात वर्षं घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. परीक्षा झाली की सगळं पुसून जातं. शब्द फोडायला शिकलेलं मूल मात्र कधीही न पाहिलेल्या शब्दाचाही अर्थ लावतं. नख, नखी, पंजा, नांगी आणि खूर हे सगळं कुटुंब एका बैठकीत हाती येण्यासारखं आहे. मी वर्गात ज्या क्रमाने शिकवते त्याच क्रमाने इथे मांडते. एक वही, एक पेन्सिल आणि स्वतःचा अंगठा, एवढं सामान पुरे.

पायरी १ : आधी दोन कुळं ओळखा

लॅटिनमध्ये नखाला उंग्विस म्हणतात. ग्रीकमध्ये ऑनिक्स, आणि त्याला दुसरा शब्द जोडला की त्याचं रूप ऑनिक- असं होतं. विज्ञानाने दोन्ही घेतले. रोमन लोक वैद्यक शिकले ते ग्रीकांकडून, त्यामुळे आजारांची नावं बरीचशी ग्रीक राहिली आणि शरीराच्या भागांना लॅटिन नावं मिळाली. म्हणून पहिला ठोकताळा असा : नखाच्या आसपासच्या जागेचं नाव असेल तर बहुधा उंग्विस, नखाला झालेल्या दुखण्याचं नाव असेल तर बहुधा ऑनिक. ‘बहुधा’ मुद्दाम म्हटलं आहे, कारण दोन्हीकडे अपवाद भेटतील.

उच्चारात मुलं हमखास अडकतात. लॅटिनमधला ‘उ’ इंग्रजी वळणाने वाचला की ‘अ’ होतो. त्यामुळे उंग्विसचं विशेषण अंग्वल, उंगुलाचं अंग्युलेट. कानावर उंग पडो की अंग, वहीत दोन्ही एकाच पानावर लिहा.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. उंग्विस, ऑनिक्स, इंग्रजीतला नेल, फारसीतला नाखून आणि आपलं नख ही सगळी एकाच आदिम शब्दाची लेकरं आहेत, असं भाषेचे अभ्यासक मानतात. ओनिख आणि नख जरा सावकाश, मोठ्याने म्हणून बघा. म्हणजे तुम्ही परकी भाषा शिकत नाही आहात, लांबच्या नातेवाइकांची ओळख करून घेता आहात. हे सांगितलं की वर्गातल्या मागच्या बाकांवरही मान वर होते.

पायरी २ : अंगठा उजेडात धरा

हाताचा अंगठा खिडकीशी धरा. अंगठाच घ्या, करंगळी नको. का ते लगेच कळेल.

नखाचा जो सपाट, दिसणारा भाग तो कॉर्पस उंग्विस. कॉर्पस म्हणजे देह. कातडीखाली लपलेलं मूळ ते रॅडिक्स उंग्विस. रॅडिक्स म्हणजे मूळ. इंग्रजीतला रॅडिश त्यातूनच आला, जसा आपला मुळा ‘मूळ’ मधून आला. पुढे वाढलेला, आपण कापतो तो पांढरा काठ म्हणजे मार्गो लिबर, मोकळा काठ. त्याच्या उलट टोकाला, कातडीत दडलेला तो मार्गो ऑकल्टस, झाकलेला काठ. नखाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे कातडीची जी उंच घडी आहे तिला वॅलम उंग्विस म्हणतात. वॅलम म्हणजे रोमन छावणीभोवतीची तटबंदी. एकदा नखाकडे किल्ला म्हणून बघितलं की हा शब्द विसरत नाही.

मुळाजवळ फिकट अर्धगोल दिसतो का? तो लुन्युला. लुना म्हणजे चंद्र, लुन्युला म्हणजे चिमुकला चंद्र, आपली चंद्रकोर. अंगठ्यावर ती ठळक असते, करंगळीवर बहुतेकांची कातडीखाली झाकलेली असते. म्हणून अंगठा घ्यायला सांगितला. चंद्रकोरीखाली जो पेशींचा थर नख घडवतो तो मेट्रिक्स. हा शब्द माटर, म्हणजे आई, यावरून आला. लॅटिनमध्ये त्याचा एक अर्थ गर्भाशय असाही आहे. नखाची आई तिथे बसलेली आहे. तिला इजा झाली तर पुढे येणारं नख वाकडं येतं. नुसत्या कॉर्पसला मार लागला तर नवीन नख नीट येतं. शब्द कळला की दुखापतीचा अंदाजही येतो तो असा.

दोन अपवाद इथेच भेटतात. मुळाशी नखावर किंचित चढलेली कातडी ती एपोनिकियम, आणि मोकळ्या काठाच्या खालची कातडी ती हायपोनिकियम. एपि म्हणजे वर, हायपो म्हणजे खाली. भागांची नावं असूनही ती ग्रीक आहेत. ब्यूटी पार्लरमध्ये मुळाशी असलेली ही कातडी मागे ढकलून कापायची पद्धत आहे. माझं ऐकाल तर कापू देऊ नका. ती जंतूंसाठी बंद केलेलं दार आहे. दार उघडलं की काय होतं, ते चौथ्या पायरीत.

पायरी ३ : शेपट्या आणि तोंडं

शब्दाचा मधला भाग ओळखला की पुढे काय चिकटलं आणि मागे काय लटकलं ते बघायचं.

आपण डबा–डबी, सुरा–सुरी म्हणतो तसं लॅटिन -उला, -क्युलस, -क्युला लावून वस्तू लहान करते. उंग्विक्युलस म्हणजे छोटंसं नख. प्लॉटस या रोमन नाटककाराने ‘उंग्विक्युलसपासून शेंडीच्या केसापर्यंत’ अशा अर्थाचा प्रयोग केला आहे. वाचताना मी थबकले होते, कारण हा तर आपला नखशिखांत!

पण भाषा नेहमी हिशेबाने वागत नाही. उंगुला हे रूप दिसायला लहान, अर्थ मात्र खूर. घोड्याचं ते एवढं थोरलं खूर. हे एक तेवढं पाठच करा : उंग्विस नख, उंगुला खूर. पशुवैद्यकात याच जोडीवर हाडांची नावं बेतली आहेत. खुराच्या आतलं शेवटचं हाड ऑस उंगुलारे, कुत्र्यामांजराच्या नखीच्या आतलं ऑस उंग्विक्युलारे. पशुवैद्यकीच्या पहिल्या वर्षाला असलेली माझी एक विद्यार्थिनी हे दोन शब्द उलटसुलट करायची. ‘लांब शब्द लहान नखाचा’ असं तिने वहीच्या कडेला लिहून ठेवलं आणि प्रश्न मिटला.

तोंडाकडून येणारे तुकडे थोडेच आहेत. सब खाली, पेरि भोवती, इन कधी ‘आत’ तर कधी ‘नाही’. सबअंग्वल नखाखालचं. पेरिअंग्वल नखाभोवतीचं, उदाहरणार्थ नखाच्या कडेने येणारा चामखीळ. नकाराचा ‘इन’ बघायचा तर ॲमेझॉन नदीतल्या मॅनेटीकडे जावं लागेल. मॅनेटी हा पाण्यात राहणारा, वनस्पती खाणारा मोठा सस्तन प्राणी. त्याच्या इतर भाऊबंदांच्या वल्ह्यासारख्या हातांवर नखं असतात, याच्या हातांवर नसतात. म्हणून याचं नाव ट्रायकेकस इनंग्विस, बिननखी. ग्रीकमध्ये हेच काम ‘अ’ करतो, आपल्या अशक्य, अजाणमधल्या ‘अ’सारखा. आखूड नखींच्या एका पाणमांजराच्या प्रजातीचं नाव एओनिक्स आहे, ते ‘अ’ आणि ‘ऑनिक्स’ मिळून.

पायरी ४ : दुखण्यांची नावं

इथे ऑनिक- मधोमध ठेवायचं आणि दुसरा तुकडा काय म्हणतो ते ऐकायचं. मायकोसिस म्हणजे बुरशीचा रोग. ऑनिकोमायकोसिस म्हणजे नखाला लागलेली बुरशी. लायसिस म्हणजे सुटणं. ऑनिकोलायसिस म्हणजे नख खालच्या त्वचेपासून सुटणं. फॅजिया म्हणजे खाणं; ऑनिकोफॅजिया म्हणजे नखं कुरतडण्याची सवय, जी परीक्षेच्या दिवसांत माझ्या वर्गात पैशाला पासरी असते. ल्युकोस पांढरा, ल्युकोनिकिया नखावरचे पांढरे डाग. कॉयलोस म्हणजे पोकळ, खोलगट. कॉयलोनिकिया म्हणजे चमच्यासारखं खोलगट झालेलं नख. हे अंगात लोह कमी झाल्याचं लक्षण असू शकतं. वयात आलेल्या मुलीचं नख असं दिसलं तर तिची रक्ततपासणी करून घ्या, शब्द कळला म्हणून तेवढ्यावर थांबू नका.

आणि पॅरोनिकिया. पारा म्हणजे शेजारी. नखाच्या शेजारी, म्हणजे वॅलमच्या तटबंदीत झालेली लागण. लाल होतं, सुजतं, पू धरतं, रात्री ठसठसतं. आपल्या आज्या याला नखुरडं म्हणायच्या. किती नेमका शब्द! तो वापरात राहायला हवा असं मला मनापासून वाटतं. डॉक्टरांसमोर “नखुरडं झालंय” म्हणायला लाजू नका.

अपवादही सांगते. पायाच्या अंगठ्याचं नख कडेने मांसात घुसतं, त्याला ग्रीक नाव ऑनिकोक्रिप्टोसिस, लपलेलं नख. पण डॉक्टरांच्या लिहिण्यात लॅटिन नावही येतं, उंग्विस इन्कारनॅटस. कारो, कार्निस म्हणजे मांस. नख मांसात शिरलं. अवताराला इंग्रजीत जो शब्द आहे तोही याच मुळाचा, देह धारण करणं या अर्थाने. हे टाळायचं तर पायाची नखं गोल न कापता सरळ कापा.

एक गोष्ट शब्दांच्या पलीकडची. नखाखालचं साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. मार लागल्याचं आठवत नसताना काळा डाग किंवा उभी काळी रेघ दिसली, ती पुढे सरकत नसली किंवा रुंद होत चालली असली, तर त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा.

पायरी ५ : उभं राहून बघा, मग खुरांकडे चला

ही पायरी बसून वाचायची नाही. उभे राहा. तळपाय पूर्ण टेकलेला आहे : प्लँटिग्रेड. प्लँटा म्हणजे तळपाय, आणि ग्रेड आला चालणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून. आता टाचा उचला, बोटांवर या : डिजिटिग्रेड. कुत्रा, मांजर, बिबट्या असेच चालतात. आता बॅले नर्तकीसारखं नखांच्या टोकांवर उभं राहायची कल्पना करा : अंग्युलिग्रेड. गाय, शेळी, घोडा जन्मभर असे उभे असतात. घोड्याच्या मागच्या पायात मधोमध उलट्या दिशेने वाकलेला ‘गुडघा’ दिसतो ना, ती खरं म्हणजे घोट्याची जागा. हे एकदा अंगाने कळलं की पुस्तकातली आकृती सांगावी लागत नाही.

लग्नसराईत वरातीची घोडी दारावरून गेली की तिच्या टापेकडे बघा. ते एकाच बोटाचं, मधल्या बोटाचं, नख आहे. नालबंद खिळे ठोकतो तेव्हा तिला दुखत नाही, कारण खुराची भिंत आपल्या मार्गो लिबरसारखीच निर्जीव केरॅटिनची असते. केरॅटिन हा शब्द ग्रीक केरास म्हणजे शिंग यावरून आला. तळाशी पाचरीच्या आकाराचा मऊ, लवचीक भाग असतो, त्याला कुनेउस उंगुले म्हणतात. कुनेउस म्हणजे पाचरच. शब्दाने चित्र काढून दिलं आहे.

मग गाय. देवळाबाहेर चाऱ्याची पेंढी घेऊन बसलेल्या बाईशेजारी जी गाय असते तिला चारा घाला आणि पायाशी नीट बघा. जमिनीला टेकलेले दोन खूर, आणि मागे थोडं वर, न टेकणारे दोन छोटे. खूर असलेल्या प्राण्यांना सरसकट अंग्युलेट म्हणतात. मराठीत त्यांचे समखुरी आणि विषमखुरी असे दोन भाग सांगतात. शास्त्रीय नावं आर्टिओडॅक्टिला आणि पेरिसोडॅक्टिला. इथे लॅटिनने ग्रीकला जागा दिली : आर्टिओस सम, पेरिसोस विषम, डॅक्टिलोस बोट. रिचर्ड ओवेन यांनी १८४८ मध्ये ही विभागणी मांडली. गाय, म्हैस, शेळी, हरीण, डुक्कर, उंट समखुरी. घोडा, गाढव, गेंडा विषमखुरी. टॅपिर हा आखूड सोंडेचा, डुकरासारखा दिसणारा प्राणीही विषमखुरीच. ‘टॅपिरला पुढच्या पायांना चार बोटं, मग तो विषमखुरी कसा?’ हा प्रश्न हुशार मूल विचारतंच. उत्तर असं की नुसती बोटं मोजायची नाहीत, पायावरचा भार कुठून जातो ते बघायचं. तो मधल्या एका बोटातून जात असेल तर विषमखुरी, दोन बोटांमधून जात असेल तर समखुरी.

आता जरा घरच्या पोथीकडे वळू. इंग्लंडमध्ये जॉन रे यांनी १६९३ मध्ये चतुष्पादांचे खुरी आणि नखी असे दोन वर्ग केले. त्याच्या कित्येक शतकं आधी भागवताच्या तिसऱ्या स्कंधात प्राण्यांचे द्विशफ, एकशफ आणि पंचनख असे गट सांगितलेले आहेत. शफ म्हणजे खूर. गाय, शेळी, म्हैस, डुक्कर, मेंढी, उंट द्विशफ. गाढव, घोडा, खेचर एकशफ. कुत्रा, कोल्हा, वाघ, मांजर, ससा, साळिंदर, सिंह, माकड, हत्ती, कासव, घोरपड पंचनख. आजच्या वर्गीकरणाशी ते सगळं जुळत नाही, जुळावं असा आग्रहही नको. पण नखाखुरांवरून प्राणी लावायची कल्पना आपल्याकडे जुनी आहे, आणि एकशफ हा शब्द मुलांच्या हाती दिला की परका शब्द आपोआप सोपा होतो.

हत्ती पंचनखांत का, खुरी प्राण्यांत का नाही? शास्त्रज्ञांनाही तो पुरता खुरी म्हणवेना. जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी १९४५ मध्ये हत्ती, मॅनेटी वगैरेंच्या गटाला पीनअंग्युलाटा म्हटलं. पेने म्हणजे जवळजवळ. हाच तुकडा इंग्रजीत द्वीपकल्पाच्या नावात आहे : पेने आणि इन्सुला, जवळजवळ बेट. आता आपल्या शब्दाकडे बघा. द्वीपकल्पातला ‘कल्प’ म्हणजेही जवळजवळ! त्या हिशेबाने पीनअंग्युलाटाला मी वर्गात ‘खुरकल्प’ म्हणते. हा शब्द कोशात नाही, पण एकदा ऐकलेलं मूल तो विसरत नाही.

पायरी ६ : नखी

सोसायटीतली ओळखीची, माणसाळलेली मांजर मांडीवर घ्या. पुढच्या पायाचं एक बोट वरून आणि खालून अलगद दाबा. आत दडलेली नखी बाहेर सरकते : वाकडी, दोन्ही बाजूंनी चपटी, टोकाला सुईसारखी. हिला जुने प्राणिशास्त्रज्ञ फॅल्क्युला म्हणायचे. फाल्क्स म्हणजे विळा, फॅल्क्युला छोटा विळा. मार्मोसेट नावाच्या चिमुकल्या माकडांची नखं आपल्यासारखी चपटी नसून नखीसारखी असतात, त्यांच्यासाठी टेग्युला हा शब्द वापरतात. टेग्युला म्हणजे कौल, छपरावरचं. विळा आणि कौल ही दोन चित्रं वहीत शेजारी शेजारी काढा.

येऊरच्या पायवाटेवर पावसाळ्यानंतरच्या ओलसर मातीत ठसे दिसतात. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांची टोकं उमटलेली असतात. बिबट्या चालताना नख्या आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात बहुधा त्या दिसत नाहीत. ठसा दिसला तर फोटो काढा आणि मागे फिरा, पुढे शोधत जाऊ नका.

नखीवरून प्राणी ओळखण्यावर लॅटिनमध्ये एक म्हणच आहे : एक्स उंग्वे लिओनेम, नखीवरून सिंह ओळखावा. आपण शितावरून भाताची परीक्षा म्हणतो, तसं. योहान बर्नुली यांनी १६९६ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना एक अवघड कोडं घातलं होतं. पुढच्या वर्षी त्याचं एक निनावी उत्तर आलं. ते वाचताच बर्नुलींनी न्यूटनला ओळखलं, ते या म्हणीच्या शब्दांत, असं सांगतात. यातला उंग्वे म्हणजे आपला उंग्विसच, फक्त विभक्ती बदललेला. ‘घर’चं ‘घरावरून’ होतं, तसं ‘नखावरून’ असं रूप झालेला.

डायनासोरवेड्या मुलांसाठी : डायनोनिकस म्हणजे भयंकर नखी, बॅरिओनिक्स म्हणजे जड नखी. ती मुलं हे शब्द तुमच्याआधी फोडतात.

पायरी ७ : बाजारात चिंबोरी बघा

खेकड्याची नांगी हे नखच नव्हे. ती अख्ख्या पायाच्या टोकाची पक्कड आहे, म्हणून तिला वेगळा शब्द : केला, मूळ ग्रीक खेले. गंमत म्हणजे ग्रीकमध्ये खेले हा शब्द दुभंगलेल्या खुरालाही लावत. दोन फाळके दिसले की खेले. गाईचा खूर आणि खेकड्याची नांगी एका नजरेत बघणारा तो कोण असेल, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

मासळीबाजारात चिंबोऱ्या नांग्या सुतळीने बांधून ठेवलेल्या असतात. एकदा मी वाकून बघत होते तर विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, “मागनं धर गो, बांधलीय म्हणून भरवसा नको.” मागून धरली आणि न्याहाळली. नांगीचं एक बोट हलतं, दुसरं स्थिर. हलणारं ते डॅक्टिलस, स्थिर ते पॉलेक्स. पॉलेक्स हा लॅटिनमध्ये अंगठ्याचा शब्द. दोन्ही नांग्याही सारख्या नव्हत्या. एकीचे दात जाड आणि बोथट, शिंपला फोडायला, दुसरीचे बारीक, कापायला. चिंबोरीचं शास्त्रीय नाव सिला सेराटा, आणि सेरा म्हणजे करवत. कवचाच्या पुढच्या कडेला ते करवतीचे दाते बोटाने मोजता येतात.

मराठीत एक अडचण आहे. खेकड्याचीही नांगी आणि विंचवाचीही नांगी. विंचवाच्या पुढच्या दोन पकडी म्हणजे केला. शेपटीच्या टोकाचा विषारी काटा हा वेगळा अवयव. उत्तरपत्रिकेत नुसतं ‘नांगी’ लिहून गुण गेलेले मी पाहिले आहेत. विंचवाबद्दल लिहिताना पुढची पकड आणि शेपटीचा काटा असं स्पष्ट लिहा.

ऐरोलीला खाडीकिनारी ओहोटीच्या वेळी चिखलात फिडलर खेकडे दिसतात. नराची एक नांगी अंगापेक्षा थोर वाटावी अशी, दुसरी इवलीशी. तो ती मोठी नांगी वरखाली हलवून मादीला बोलावतो. बारावीची मुलं तिथे नेली की मी रसायनशास्त्राचा धडा तिथेच काढते. ईडीटीएसारखा रेणू धातूच्या अणूला अनेक बाजूंनी पकडतो, त्याला कीलेट म्हणतात. हा शब्द १९२० मध्ये मॉर्गन आणि ड्रू यांनी याच खेलेवरून घडवला. हिमोग्लोबिनमधलं लोह आणि हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम अशाच पकडीत बसलेलं असतं.

पायरी ८ : झाडालाही नखं असतात

मे महिन्यात ठाण्यात, वाशीत, बेलापुरात रस्त्यावर गुलमोहराचा सडा पडतो. एक फूल उचला आणि पाकळी मुळापासून ओढून काढा. वरचा भाग रुंद, पंख्यासारखा, आणि खाली लांब निमुळता देठ. वनस्पतिशास्त्रात त्या निमुळत्या भागाला पाकळीची नखी म्हणतात, लॅटिनमध्ये तोच उंग्विस. गुलमोहराची नखी इतकी ठसठशीत की त्याच्या प्रजातीचं नावच त्यावरून पडलं, डेलोनिक्स. डेलोस म्हणजे उघड दिसणारं, ऑनिक्स म्हणजे नख. डेलोनिक्स रेजिया, राजेशाही थाटाचा, ज्याची नखी लपत नाही असा.

लहानपणी आम्ही गुलमोहराच्या कळीच्या हिरव्या पाकळ्या सोलून बोटांवर चिकटवायचो आणि लांब नखांच्या चेटकिणी व्हायचो. तुम्हीही केलं असेल. त्या वयात झाडाच्या नावातच नख आहे हे कुणी सांगितलं असतं तर मी हरखून गेले असते. म्हणून आता मी सांगते.

कुंपणांवर पिवळ्या तुताऱ्यांसारख्या फुलांची एक वेल असते, तिचं जातीनाम उंग्विस-काटी, मांजराचं नख. पानाच्या टोकाशी तीन बारीक आकडे असतात, त्यांनी ती भिंत पकडते. बोट लावून बघा, अडकतं.

चकवे

काही शब्द या घराण्यातले वाटतात पण नाहीत. औषधांच्या जुन्या चिठ्ठ्यांवर ‘उंग’ असं लिहिलेलं असतं, ते नख नव्हे. ते उंग्वेंटम, म्हणजे मलम; माखणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आलेलं. उंकस म्हणजे आकडा. तो नखीसारखा दिसतो, पण त्याचं नातं आपल्या अंकुशाशी आहे, नखाशी नाही. आपली अंगुली उंगुलासारखी वाजते, तीही वेगळ्या कुळातली मानतात. आणि कासवांचं केलोनिया हे नाव खेलेवरून नाही, ग्रीकमधल्या कासवाच्या शब्दावरून आहे. या चौघांसाठी वहीचं शेवटचं पान राखून ठेवा आणि नवीन चकवा सापडला की तिथेच टाका.

वही कशी ठेवायची

एका पानावर एक शब्द. वर देवनागरीत उच्चार, मग उभ्या रेघांनी केलेले तुकडे, प्रत्येक तुकड्याखाली अर्थ, शेजारी मराठीतला शब्द : खूर, टाप, नखी, पंजा, नांगी, नखुरडं, जो जिथे बसेल तो. खालचं अर्धं पान रिकामं ठेवायचं आणि ती गोष्ट प्रत्यक्ष पाहिल्यावरच भरायचं, तारीख आणि जागा घालून. दिवसाला तीनच शब्द. दहा केले तर पाचव्यापासून सगळे सारखे दिसायला लागतात, हे मी इतक्या मुलांत पाहिलं आहे की यात सूट देत नाही.

सुरुवात करायला तीन शब्द देते, अर्थ न सांगता : सबअंग्वल, ऑनिकोफोरा, सॉलिडअंग्युला. दुसऱ्यातला ‘फोरा’ म्हणजे वाहणारे, धारण करणारे. तिसऱ्यातला ‘सॉलिड’ म्हणजे अखंड.

लिफ्टमध्ये बोट सापडलेल्या त्या मुलाने पहिल्या पानावर स्वतःचंच नख काढलं होतं. दर रविवारी तो काळ्या डागाची जागा पट्टीने मोजून चित्रात खूण करायचा. गणपतीत डाग मधोमध होता. नवरात्रात तो मार्गो लिबरला पोचला आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या आईने तो नेलकटरने कापून टाकला. तुकडा सेलोटेपने वहीत चिकटवलेला आहे, खाली तारीख घातलेली आहे.